सदर इसमास पोहता येते

मलकापूरच्या डॉक्टर समताबाईंनी दंडावरचा पट्टा सोडला, कागदावर दोन आकडे लिहिले आणि म्हणाल्या, "चोपडे साहेब, आता हृदयाला व्यायाम द्यावा लागेल." पंजाबराव चोपड्यांना पहिला संशय यंत्राचा आला. दुसरा बाईंचा.

बाईंवर त्यांचा काही खास राग होता असं नाही. कृषी खात्यात सव्वीस वर्षं काढली की माणसाचा स्वभावच तसा होतो. पाकिटावर बीटी छापलेलं असतं; आत काय आहे ते फक्त बोंडअळीला माहीत. शेतकरी म्हणतो पीक बुडालं, व्यापारी म्हणतो माल ओला आहे, वरचा साहेब म्हणतो सगळं समाधानकारक आहे असं लिहून पाठवा. अशा नोकरीत विश्वास नावाचं पीक येत नाही. पंजाबराव दूध घेताना आधी बोट बुडवून पाहत. एसटीत चढण्याआधी पाटी वाचत, मग गाडी कुठे जाते ते कंडक्टरला विचारत आणि बसल्यावर शेजारच्या प्रवाशाकडून खात्री करून घेत.

"कोणता व्यायाम?" त्यांनी विचारलं.

"जो रोज कराल तो. चाला, सायकल चालवा, दोरीच्या उड्या मारा, पोहा. तुम्ही नवखे आहात, तेव्हा सावकाश सुरू करा. वेग इतका ठेवा की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये."

"मले तसंही गाणं म्हणता येत नाही."

"मग नाडी मोजा आणि वहीत लिहीत जा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

चार-चार व्यायाम सुचवणारा डॉक्टर हा पंजाबरावांच्या मते चार-चार औषधं सुचवणाऱ्या दुकानदारासारखाच; म्हणजे नक्की कशानं गुण येतो ते त्यालाही ठाऊक नाही. परतताना त्यांनी मोताळ्याला एका मेडिकलवाल्याकडे रक्तदाब मोजून घेतला. गावात आल्यावर एका निवृत्त कंपाउंडरकडे पुन्हा मोजून घेतला. तीन यंत्रांनी तीन वेगळे आकडे दाखवले तेव्हा त्यांना बरं वाटलं. तिघांपैकी किमान दोघं तरी खोटे निघाले होते.

"पण तिघंही जास्तच सांगून राह्यले ना?" जनकाबाई म्हणाल्या. नवऱ्याच्या संशयांतून वाट काढत त्यांनी तीस वर्षं संसार केला होता. "मंग उद्यापासून चाला."

रोहिणखेडला पंजाबरावांची बदली होऊन वर्ष झालं होतं. नजीरभाईंच्या घराच्या माडीवर ते भाड्यानं राहत. खाली नजीरभाईंचं कृषी केंद्र होतं: बियाणं, खत, फवारणीची औषधं. कृषी पर्यवेक्षकानं बियाणंवाल्याच्या डोक्यावर राहावं हे पंजाबरावांना सोयीचं वाटे. माणूस नजरेखाली राहतो. नजीरभाईंनाही ते सोयीचं वाटे, आणि कारण बहुधा तेच असावं.

दुसऱ्या दिवशी फटफटताच पंजाबराव निघाले. कॅनव्हासचे नवे बूट, गळ्यात टॉवेल, खिशात वही. जुन्या मशिदीच्या मागून शेतांकडे जाणारी गाडीवाट त्यांनी मुद्दाम निवडली, कारण डांबरी रस्त्यावर ट्रकवाल्यांचा भरवसा नाही. दर पाचशे पावलांवर ते थांबत, डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवत, घड्याळाकडे बघत ओठांतल्या ओठांत मोजत आणि वहीत लिहीत: ११२, ११८, १२१. थांबायची जागा अर्थातच कोणाच्या तरी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर येई.

आता ते दिवस कसे होते ते लक्षात घ्या. बीटीच्या पाकिटासोबत साध्या कपाशीचं एक लहान पुडकं येई. ते शेताच्या कडेनं पेरायचं, म्हणजे अळीला खायला काहीतरी उरतं, असं शास्त्र होतं. अळीसाठी पेरा हे ऐकून अख्खा तालुका हसला होता आणि ती पुडकी कुठं गेली ते कोणी विचारू नये. शिवाय गुजरातकडून विनापावतीचं बियाणं आलं होतं, तेही कितीतरी शेतांत उभं होतं. त्यात पावसानं दगा दिलेला. अशा वेळी कृषी खात्याचा माणूस अंधारात येतो, धुऱ्यावर थांबतो, कपाशीकडे बघत ओठ हलवतो आणि वहीत आकडा टाकून पुढे जातो. याचा अर्थ लावायला गावाला पंडित लागला नाही.

चौथ्या दिवशी वाटेवर चिटपाखरू नव्हतं. पाचव्या दिवशी कपाशीतून एक धोतरवाला हात जोडून उभा राहिला.

"सायेब, आपलं बियाणं पावतीचं हाये. पावती घरी उंदरानं खाल्ली."

"मी काही पाहून नाही राह्यलो बाप्पा. मी व्यायाम करून राह्यलो."

"हाव सायेब," तो समजूतदारपणे म्हणाला. "आमी कोणाले नाही सांगत."

त्या संध्याकाळी माडीच्या जिन्यावर दोन भोपळे आणि टोपलीभर वालाच्या शेंगा कोणीतरी नाव न सांगता ठेवून गेलं. पंजाबरावांनी भोपळ्याचा वास घेतला, सुरी घालून आतला गर पाहिला आणि शेवटी एक फोड नजीरभाईंच्या बकरीला खाऊ घालून तासभर तिच्याकडे पाहत बसले. बकरीला काही झालं नाही. पुढचे आठ दिवस घरात भोपळाच होता.

मग वरून खुलासा मागवणारा कागद आला. 'आपण कोणत्या आदेशान्वये गुप्त सर्वेक्षण करीत आहात ते तात्काळ कळवावे.' पंजाबरावांनी लिहिलं की सर्वेक्षण स्वतःच्या नाडीचं आहे, आणि पुरावा म्हणून वहीची नक्कल जोडली. आठवड्यानं कागद परत आला. त्यावर लाल शाईचा शेरा होता: 'नाडी हा विषय आरोग्य खात्याकडे वर्ग करावा.'

चालणं बंद झालं.

सायकल दोनच दिवस टिकली. मोटारसायकलवाला साहेब सायकलवर दिसल्याबरोबर गावानं ठरवलं की साहेब निलंबित झाले. तिघंजण घरी येऊन सांत्वन करून गेले. त्यातला एक तर इतका कळवळून बोलला की निलंबनाचा हुकूम निघाला असून तो फक्त आपल्यालाच कळवलेला नाही, असा संशय खुद्द पंजाबरावांना आला आणि त्यांनी मोताळ्याला फोन करून खात्री करून घेतली.

दोरीच्या उड्या माडीवर, दार लावून, कोणाच्या नजरेस न पडता मारता येतात, हा या व्यायामाचा मोठा गुण. पहिल्याच सकाळी त्यांनी चाळीस उड्या मारल्या. एकेचाळिसाव्या उडीला खालून आरडाओरडा ऐकू आला आणि नजीरभाई धापा टाकत जिना चढून आले. त्यांची दाढी चुन्यानं पांढरी झाली होती.

"सायेब, तुमी कूदून राह्यले का?"

"व्यायाम."

"माह्या दुकानाचं छत झडून राह्यलं ना! गिऱ्हाईक भूकंप समजून पळालं, जाता जाता फवारणीच्या औषधाच्या दोन बाटल्या फोडून गेलं. या अल्ला, आता तो वास गेल्याबिगर दुकान खोलता येत नाही."

पंजाबराव ओशाळले. नजीरभाई मुळात दिलदार माणूस. दाढी झटकून ते खाटेवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "पोहाचं पाहा ना तुमी. माही मळ्यातली विहीर हाये, पाणी काठोकाठ. रोज या, कोण नाही म्हणते?"

पंजाबराव पूर्णाकाठचे. लहानपणी नदीच्या पुरात उड्या टाकलेले. पोहायचं नाव निघताच त्यांचे खांदे आपोआप हलले. पण लगेच मन म्हणालं: हा आपली विहीर काऊन देऊन राह्यला? बियाणंवाला फुकटात पाण्याचा तांब्या देत नाही, हा तर अख्खी विहीर देतो. उद्या तपासणीच्या वेळी हा माणूस 'सायेब, विहीर आठवते का' असं म्हणणार नाही कशावरून?

नाही. विहीर अशी पाहिजे की जिथं कोणाचं देणंघेणं नाही. आणि तशी एक त्यांनी चालण्याच्या दिवसांत हेरून ठेवली होती. गाडीवाटेच्या टोकाला, दगडी बांधणीची, आत उतरायला पायऱ्या, पाणी निळंशार. तिच्यावर त्यांनी कधी माणूस पाहिला नव्हता. कोणी धुणं धूत नव्हतं, पोरं डुंबत नव्हती. जन्मभर ज्यानं दुधात पाणी शोधलं, त्याला एवढा साधा संशय आला नाही की इतक्या चांगल्या विहिरीवर कोणी येत काऊन नाही.

दसरा झाला होता. हवेत जरा गारवा होता. पूर्वेला तांबडं फुटत असताना पंजाबराव विहिरीवर पोचले. शर्ट काढून घडी घातला, त्यावर पँट, घड्याळ बुटात, वही घड्याळावर, टॉवेल दगडावर. पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर ते काठाशी उभे राहिले. आधी नाडी मोजावी म्हणून त्यांनी मनगट धरलं, डोळे मिटले आणि ओठ हलवायला सुरुवात केली.

मागून दोन हातांनी त्यांना अशी मिठी मारली की जणू सांडशीत पातेलं.

"सायेब! लेकराबाळाचं तोंड पाहा, सायेब!"

"अहो, सोडा!"

"नाही सोडत! धावा रे! अरे धावा!"

"मी पोहाले आलो बाई!"

"हाव, पोहालेच!" ती बाई ओरडली आणि तिनं त्यांना काठापासून फरफटत मागं ओढलं. दोघंही कपाशीत पडली. ती पंचेचाळिशीची, काटकुळी, पण वेचणीनं आणि निंदणीनं घडवलेले तिचे हात पंजाबरावांना सोडवेनात. शेजारच्या शेतांतून माणसं धावली. साहेब असे उघडे, डोळे मिटून, ओठांत देवाचं नाव घेत काठावर उभे होते, ही हकीकत त्या बाईनं सांगितली आणि कोणालाही शंका उरली नाही. सायकलवर हिंडत होते, निलंबित होते, आता कळलं!

पंजाबरावांनी कपडे मागितले. शर्ट मिळाला, पँट मिळाली. "पट्टा देऊ नका!" मागून कोणीतरी ओरडलं. "बुटाची नाडीबी काढून घ्या!" तेव्हा वर्ग एकची नसली तरी राजपत्रित होता होता राहिलेली ही असामी दोन्ही हातांनी पँट धरून, बिननाडीचे बूट फटक फटक वाजवत, जुन्या मशिदीवरून, पारावरून, चावडीवरून घरी आली. मागं तीसेक माणसं होती. कोणी हसलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. हसले असते तर निदान रागावता आलं असतं.

बातमी त्यांच्या आधी माडीवर पोचली होती. जनकाबाई दारात उभ्या होत्या. "रोज भोपळा केला म्हून का हो?" एवढंच त्या बोलल्या. पंजाबरावांनी व्यायाम, विहीर, टॉवेल, सगळं क्रमानं समजावलं. त्या मान हलवत होत्या, पण त्यांनी नवऱ्याचं मनगट जे धरलं ते दिवे लागेपर्यंत सोडलं नाही. पंजाबराव बसून राहिले. हे मनगट आपण दोन महिने मोजतोय, पण दुसऱ्या कोणी ते असं धरलेलं किती वर्षांत आठवत नाही, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

तिसऱ्या दिवशी तलाठी भगवंतराव छापील नमुना घेऊन आले. असा काही प्रकार झाला की सरकारी मदतीला पात्र की अपात्र ते ठरवायला तालुक्याच्या कमिटीकडे कागद पाठवावाच लागतो, असं त्यांनी सांगितलं.

"शेती किती?"

"नाही."

"नापिकी किती वर्षांची?"

"भगवंतराव, शेतीच नाही तर नापिकी कोठून आणू? मी पोहाले गेलो होतो."

"मंग कारण काय लिहू?"

"व्यायाम लिहा."

भगवंतरावांनी नमुना उलटसुलट करून पाहिला. "तसा रकाना नाही, सायेब," ते खिन्नपणे म्हणाले.

पंधरा दिवसांनी निकाल आला. 'श्री. चोपडे यांचे प्रकरण तपासले असता अपात्र.' पंजाबराव तो कागद हातात घेऊन खाटेवर बसले. आपण मेलो नाही, मरायला गेलो नाही, अर्जही केला नाही. तरीही सरकारनं आपल्याला तपासून अपात्र ठरवलं! इतका अपमान त्यांचा खात्यात कधी झाला नव्हता. हा डाग पुसलाच पाहिजे. त्यासाठी एकच मार्ग होता: ज्या बाईनं धरलं तिनंच लिहून द्यावं की साहेब पोहायला आले होते.

तिचं नाव सोजराबाई. विहिरीला लागून दोन एकर तिचीच होती. पंजाबराव गेले तेव्हा ती कापूस वेचत होती. ओटीत कापूस, बोटं झपझप चाललेली.

"सोजराबाई, मी खरंच पोहाले आलो होतो. तुमी तसं लिहून द्या. मी कागद तयार करून आणला, तुमी अंगठा द्या फक्त."

सोजराबाईची बोटं थांबली नाहीत. "कागदावर लिहिलं का खरं होते का, सायेब?"

"म्हणजे?"

"'पोहण्यास गेले असता बुडून मृत्यू झाला असावा. पीक परिस्थिती समाधानकारक.'" ती शाळेतली कविता म्हणावी तसं म्हणाली. "माह्या लेकीनं वाचून दाखवला. मी लेकीले म्हटलं, पुन्हा वाच. मंग पाठच झाला. खाली सही चोपडे म्हून हाये. दुसरे कोणी चोपडे होते का?"

पंजाबराव उभे राहिले होते ते धुऱ्यावर बसले.

"माह्या मालकाले, श्रीपतले, पाण्याचं लय भेव. बैल धुवाले नदीवर मीच नेत होती. गुडघाभर पाण्यात त्याले घाम फुटे. आन् तुमी लिहिलं, पोहाले गेला."

श्रीपत नावाचा चेहरा पंजाबरावांना आठवेना, कारण तो त्यांनी पाहिलाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी या भागाचा जादा कार्यभार त्यांच्याकडे होता आणि ते मोताळ्यात बसत. त्या साली असे कागद बरेच येत. वरून तोंडी सांगणं होतं की आकडा वाढू देऊ नका. त्यांना फक्त टेबलावरचा चहा आठवला, आणि 'असावा' हा शब्द. तो शब्द त्यांना फार आवडे. 'असावा' लिहिलं की खोटंही होत नाही आणि खरंही. दुनियेतल्या प्रत्येक पाकिटावर, पावतीवर आणि यंत्रावर त्यांनी संशय घेतला होता. स्वतःच्या 'असावा'वर घेतला नव्हता.

"तुमी इतक्या पहाटे विहिरीवर काऊन आल्या होत्या?" त्यांनी विचारलं.

"रोजच येते. तांबडं फुटलं का कपाशीआड येऊन बसते." तिनं ओटी सावरली. "तो गेला त्या दिवशी मले उठाले उशीर झाला होता. म्हून आता रोज येते."

पंजाबरावांनी तयार करून आणलेला कागद खिशातच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तालुक्याला जाऊन श्रीपतच्या पंचनाम्याची नक्कल मागितली. कारकुनानं विचारलं, तुमचा काय संबंध? पंजाबराव म्हणाले, त्यावरच्या अहवालाखाली सही माझी आहे. कारकुनाला वाटलं साहेब कागद गायब करायला आले. नक्कल मिळायला तीन खेपा लागल्या. मिळाल्यावर पंजाबरावांनी ती बियाण्याची पावती वाचावी तशी, ओळीवर बोट ठेवून वाचली. अंगात सदरा. कमरेला धोतर. पायात वहाणा, दोन्ही. काठावर काही वस्तू आढळून आली नाही. त्यांचं बोट 'दोन्ही' या शब्दावर थांबलं.

मग त्यांनी स्वतःच्या अहवालाविरुद्ध स्वतःच्या सहीनं तक्रार केली.

असा कागद कोणी पूर्वी पाहिला नव्हता. माणूस दुसऱ्याविरुद्ध लिहितो, निनावी लिहितो, हे समजतं, पण स्वतःविरुद्ध? यात कोणाची तरी चाल असणार. एक म्हणाला बाई नात्यातली असेल, दुसरा म्हणाला साहेबाला कोणाला तरी अडकवायचं आहे, तिसरा म्हणाला विहिरीवरच्या प्रकारानंतर डोक्यावर परिणाम झाला, बिचारा. कागद मोताळ्याहून बुलढाण्याला गेला, बुलढाण्याहून त्रुटी काढून खाली आला, पुन्हा वर गेला. त्याच्यामागं पंजाबराव एसटीनं राजूर घाट चढत आणि उतरत. स्टँडपासून ऑफिसपर्यंत पायी, ऑफिसचा जिना चढून, साहेब जेवायला गेलेत म्हणून उतरून, आलेत म्हणून पुन्हा चढून. व्यायामाला त्यांना वेळच मिळेना. त्या हिवाळ्यात जनकाबाईंनी त्यांच्या सगळ्या पँटींचे हुक दोनदा आत सरकवले.

डिसेंबरात फेरचौकशी लागली. बुलढाण्याहून मफलर गुंडाळलेले एक साहेब जीपनं विहिरीवर आले. भगवंतराव, पाच पंच, नजीरभाई आणि निम्मं गाव जमलं. साहेबांनी सगळे कागद चाळले आणि पंजाबरावांकडे चष्म्यावरून पाहिलं.

"तुम्ही इथं पोहायला आला होता असं तुमचं म्हणणं. पोहता येतं याला पुरावा?"

"पुरावा कसा देऊ? दाखला तर कोणी देत नाही."

"मग तुमच्या म्हणण्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

हा प्रश्न पंजाबरावांनी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला होता. तो अंगावर आल्यावर कसा लागतो ते त्यांना आत्ता कळलं. त्यांनी गळ्यातला टॉवेल दगडावर ठेवला, शर्ट काढला, पँट काढली, घडी घातली आणि डिसेंबरच्या त्या थंडीत विहिरीत उडी घेतली. काठावरून एकदम श्वास रोखल्याचा आवाज आला. दोन पंच पायऱ्या उतरून खालीही धावले. पण पूर्णेचं पाणी अंगात मुरलेलं होतं. पंजाबराव वर आले, फुरफुरले आणि हात मारत विहिरीला फेरी घालू लागले. एक, दोन, तीन. भगवंतराव नमुन्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत होते आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते, "सदर इसमास पोहता येते. सदर इसमाने टॉवेल सोबत आणलेला होता..."

"बरं, येतं पोहता," मफलरवाले साहेब म्हणाले. "त्याचा या श्रीपतच्या प्रकरणाशी काय संबंध?"

पंजाबराव पायरीला धरून थांबले. दात वाजत होते. शब्द तुटत होते.

"साहेब, पोहाले आलेला माणूस असा असते. कपडे काढते. टॉवेल आणते. श्रीपतच्या पायात दोन्ही वहाणा होत्या. पंचनाम्यात लिहिल्या हायेत. वहाणा घालून कोणी पोहाले उतरत नाही. हे मले तवाच दिसाले पाह्यजे होतं. मी इथं आलो नाही, काही पाहलं नाही, टेबलावर बसून लिहिलं. ते खोटं हाये. 'असावा' नाही, साहेब. खोटंच हाये. तसं लिहून घ्या."

भगवंतरावांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मफलर सैल केला, थोडा वेळ पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "लिहा."

गर्दीतून सोजराबाई पुढं आली. तिनं दगडावरचा टॉवेल उचलून पंजाबरावांच्या अंगावर टाकला. "निघा बाहीर," ती म्हणाली. "गारठून जासान."

पंजाबरावांची एक वेतनवाढ रोखली गेली आणि सेवापुस्तकात ठपका आला. जनकाबाईंनी तो कागद देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवला, जिथं त्या फक्त महत्त्वाचे कागद ठेवत. नजीरभाई म्हणाले, "सायेब, तुमी पहिले विचारलं असतं तर मी सांगतलं असतं ना, त्या विहिरीवर कोणी काऊन जात नाही ते." पंजाबराव म्हणाले, "विचारलं असतं तरी मी भरवसा केला नसता." नजीरभाईंनी या प्रामाणिकपणाला मान डोलावली आणि चहा मागवला.

होळी झाल्यावर श्रीपतच्या प्रकरणाचा हुकूम आला. जुना निकाल रद्द करून पात्र. भगवंतराव तो स्वतः सोजराबाईकडे घेऊन गेले. तिच्या लेकीनं तो वाचून दाखवला. मग ती म्हणाली, पुन्हा वाच.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना पंजाबराव टॉवेल घेऊन विहिरीवर गेले. उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी दोन पायऱ्या खाली उतरलं होतं. सोजराबाई काठावर बसलेली होती, गुडघ्यांभोवती हात बांधून, तशीच.

"कागद तर आला, सोजराबाई," ते म्हणाले.

"हाव. आला."

ती उठली नाही. फक्त थोडी सरकली आणि कपडे ठेवायला तिनं बाजूचा दगड मोकळा करून दिला.

"उतरा तुमी," ती म्हणाली. "मी हाये अठी."

पंजाबरावांनी घड्याळ काढून दगडावर ठेवलं, शर्टाची घडी घातली आणि पायऱ्या उतरून ते पाण्यात शिरले. हात मारत ते सावकाश फिरू लागले. दर फेरीला मान वर केली की ती काठावर दिसे.